गुंजवण्याची खारफुटी

गेल्या महिन्यात भाड्याचं घर बदललं. घर बदलताना माणसाला स्वतःचा इतिहास सापडतो असा माझा अनुभव आहे. जुनी बिलं, एका पायाचा मोजा, दोन कीबोर्ड (दोन्ही बिघडलेले, तरी टाकवत नाहीत) आणि एका खोक्याच्या तळाशी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरची एक हिरवी फाईल. वर लेबल - 'पर्यावरण अभ्यास : क्षेत्रभेट अहवाल. स्थळ : गुंजवणे, ता. वेल्हे, जि. पुणे.' तारीख २०१६ सालची.

उघडून वाचायला लागलो आणि तिसऱ्या पानावर थांबलो. 'परिसरात आढळलेल्या वनस्पती' अशी यादी होती. पहिला क्रमांक नारळ. दुसरा सुरू. तिसरा केवडा. आणि चौथा, चक्क, खारफुटी!

ज्यांना गुंजवणे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागायचं, नसरापूर फाट्याला (चेलाडी) उजवीकडे वळायचं, पुढे मार्गासनी, मग साखर, मग गुंजवणे. राजगडाच्या पायथ्याचं गाव. इथून चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर चढतात. सह्याद्रीच्या देशाकडच्या अंगाला, डोंगरात आत. खारफुटी उगवते खाडीच्या खाऱ्या चिखलात. म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी खारफुटी सापडली असेल तर तो शोध नोबेलच्या लायकीचा होता आणि मला मिळाले होते २५ पैकी २२.

झालं होतं ते असं. क्षेत्रभेट म्हणून आम्ही सहा जण राजगडला गेलो होतो. गेलो होतो हे खरं, त्याचे फोटोही आहेत. गुंजवण्यात एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली, गड चढलो, रात्री गडावर राहिलो, गाणी म्हटली आणि उतरलो. एक ओळ लिहिली नाही. सोमवारी फाईल द्यायची होती. रविवारी रात्री एका सीनियरची फाईल मिळाली, तो श्रीवर्धनला गेला होता. मी 'फाइंड-रिप्लेस' केलं. श्रीवर्धनच्या जागी गुंजवणे. एकूण सत्तेचाळीस बदल, अर्ध्या सेकंदात. मग चहा प्यायला गेलो.

आता हा सगळा प्रकार हसण्यावारी नेता आला असता. पण त्या पानावर, खारफुटीच्या समोर, पेन्सिलीने काढलेलं एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं. लाल पेन नव्हे, पेन्सिल. म्हणजे मॅडमनी वाचलं होतं! आम्ही समजत होतो की कुणी वाचत नाही. अडीचशेच्या आसपास फाईली होत्या, मॅडमचा मूळ विषय वेगळाच होता, हा पेपर त्यांच्या गळ्यात पडलेला. तरी त्यांनी तिसऱ्या पानापर्यंत वाचलं, प्रश्नचिन्ह काढलं आणि मग बहुधा पुढच्या फाईलींचा ढीग बघून २२ मार्क देऊन टाकले. नऊ वर्षं ते प्रश्नचिन्ह खोक्यात पडून होतं.

मग डोक्यात किडा शिरला. हा पेपर आला कुठून? बी.कॉम. असो, बी.ए. असो, इंजिनिअरिंग असो, भारतातल्या प्रत्येक पदवीच्या विद्यार्थ्याला पर्यावरण शिकावंच लागतं. कुणी ठरवलं हे? सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत जे वाचलं ते इथे मांडतो.

एक वकील, एक कोर्ट आणि पन्नास तास

सुरुवात म्हटली तर १९७२ ची. स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची परिषद झाली, इंदिरा गांधी तिथे गेल्या होत्या. त्यानंतर आपल्याकडे कायद्यांची रांग लागली. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा, १९८१ चा हवेचा. १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती झाली, तिच्यात ४८-अ आणि ५१-अ ही कलमं आली. ५१-अ मध्ये नागरिकाची कर्तव्यं आहेत आणि त्यातलं एक म्हणजे जंगलं, तळी, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण. आणीबाणीतल्या त्या घटनादुरुस्तीला आपण एरवी नावं ठेवतो (आणि ठेवावीतच), पण हे कलम तिच्यातलं.

मग डिसेंबर १९८४. भोपाळ. त्याबद्दल वेगळं लिहायला नको. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. पण कायदा पुस्तकात आला म्हणून माणसाच्या डोक्यात येत नाही, हे एका माणसाला खटकत होतं. एम. सी. मेहता, सुप्रीम कोर्टातले वकील. गंगेचं प्रदूषण, दिल्लीतली वायुगळती, ताजमहाल अशा कितीतरी जनहित याचिका याच माणसाच्या. त्यांनी एका याचिकेत मागणी केली ती अशी की लोकांना पर्यावरण शिकवा. सिनेमागृहात स्लाइड दाखवा, रेडिओ-टीव्हीवर कार्यक्रम करा आणि शाळा-कॉलेजात हा विषय सक्तीचा करा.

२२ नोव्हेंबर १९९१ ला सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने हे जवळपास सगळं मान्य केलं. थिएटरवाल्यांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटं द्यावीत. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, विद्यापीठांना अभ्यासक्रम द्यावा.

आता आपल्याकडे आदेश निघणं आणि काम होणं यात किती अंतर असतं? या बाबतीत बारा वर्षं. मेहता पुन्हा कोर्टात गेले की हे होत नाहीये. १८ डिसेंबर २००३ ला कोर्टाने पुन्हा बजावलं आणि मग यंत्रणा हलली. यूजीसीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांच्या पदवीला लागू झाला. आठ घटक, पन्नास तास. नैसर्गिक संसाधनांना ८ तास, परिसंस्थांना ६, जैवविविधतेला ८, प्रदूषणाला ८ असं करत शेवटचा आठवा घटक - क्षेत्रभेट, पाच तासांइतकी. परीक्षा १०० मार्कांची. त्यात लेखी ७५ आणि क्षेत्रभेटीला २५.

हेच ते माझे पंचवीस!

आणि आता आमच्या पुण्याचा संबंध. या अभ्यासक्रमासाठी यूजीसीने जे पाठ्यपुस्तक २००४ साली काढलं, ते लिहिलं डॉ. एराक भरूचा यांनी. पुण्याचे, पेशाने सर्जन. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था १९९३ पासून पुण्यात आहे, तिचे ते संचालक होते. सर्जन माणूस जंगलात कसा, असं वाटेल. पण त्यांचं सह्याद्रीतलं भटकणं आणि फोटोग्राफी हे सर्जरीइतकंच जुनं. ते पुस्तक मी आता पहिल्यांदा नीट वाचलं (तेव्हा 'महत्त्वाचे प्रश्न' वाचून पास झालो होतो). त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते - बाहेर जा. आपल्या गावातली नदी बघा, टेकडी बघा, कचरा जातो कुठे ते बघा. अभ्यासक्रमात तर लिहिलेलंच आहे की जवळच्या नदीची, जंगलाची किंवा डोंगराची नोंद करा, एखादी प्रदूषित जागा बघा, साधी झाडं, किडे, पक्षी ओळखायला शिका.

म्हणजे एका वकिलाने कोर्टात भांडून, बारा वर्षं वाट बघून, पुन्हा भांडून, देशातल्या प्रत्येक पोराला पाच तास झाडाखाली उभं राहायची सोय करून दिली होती. आणि मी त्या पाच तासांचं अर्ध्या सेकंदात फाइंड-रिप्लेस केलं.

आयबीएमचा फेलो देवराईत

आता खरी गंमत. मी ज्या श्रीवर्धनचं नाव खोडून गुंजवणे टाकलं, त्या दोन्ही भागांना जोडणारी एक गोष्ट आधीच घडून गेली होती.

माधव गाडगीळ हे नाव तुम्ही पश्चिम घाटाच्या अहवालामुळे ऐकलं असेल, तो २०११ चा. पण माझ्यासारख्या आयटीवाल्याला त्यांच्याबद्दल सगळ्यात आधी आवडली ती भलतीच गोष्ट. फर्ग्युसनमधून बी.एस्सी., मुंबईत एम.एस्सी. आणि १९६९ साली हार्वर्डची डॉक्टरेट. विषय परिसरशास्त्र, पण गणिताच्या अंगाने. तिथल्या संगणक केंद्रात ते आयबीएम फेलो होते! म्हणजे आम्ही ज्या काळाला 'पंचकार्डांचा जमाना' म्हणतो, त्या काळात हा पुण्याचा मुलगा प्राण्यांच्या आयुष्याची गणितं कॉम्प्युटरवर मांडत होता.

१९७१ च्या सुमाराला ते परत आले. अमेरिकेत छान चाललेलं असताना. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (जिला १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात) दोनेक वर्षं काम केलं. तिथे वा. द. वर्तक म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सह्याद्रीतलं झाडन्‌झाड ओळखणारे. एकाकडे मॉडेल, दुसऱ्याकडे झाडांची नावं. ही जोडी डोंगरात हिंडायला लागली आणि त्यांनी देवरायांचा अभ्यास केला. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. वाघजाई, शिरकाई, काळकाई, भैरव, कुणाच्या ना कुणाच्या. त्यातली काडी तोडायची नाही, कुठे कुठे तर पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. पुण्याच्या पश्चिमेच्या मावळपट्ट्यात आणि खाली कोकणात अशा राया गावोगाव होत्या. १९७५ आणि १९७६ साली त्यांचे निबंध आले. जगभर आज देवरायांवर जे लिहिलं जातं त्यात हे दोन निबंध अजूनही येतात.

श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. तिथली देवराई तोडायचं घाटत होतं. गावकऱ्यांना कळलं की पुण्याहून कुणी दोघे येऊन देवरायांची चौकशी करतात, म्हणून त्यांनी यांना गाठलं आणि सांगितलं की आमची राई वाचवा. कारण काय दिलं? देव कोपेल असं नाही फक्त. त्यांनी सांगितलं की आमच्या ओढ्याला पाणी आहे ते या राईमुळे. राई वाचली.

हा प्रसंग वाचून मी जरा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो. ज्यांनी परिसंस्थेचे सहा तास कधी ऐकले नव्हते त्यांना झाड आणि पाणी यांचा संबंध माहीत होता. मी सहा तास बसलो (बरं, चार), पास झालो, आणि मला मात्र झाडं आणि समुद्रकिनारा यांचाही संबंध लावता आला नाही.

दुसरी गोष्ट वेल्ह्याची. पानशेतचं धरण वेल्हे तालुक्यात, आंबी नदीवर. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं आणि पुणं वाहून गेलं, ही आठवण प्रत्येक पुणेकर घरात आहे. आमच्या घरातही आजी सांगायची. पण धरण फुटण्याच्या आधी आणि नंतर तिथल्या डोंगरांचं काय झालं, हे शहरातल्या कुणी सांगितलं नाही. गाडगीळांनी १९७९ साली यावर एक निबंध लिहिला - डोंगर, धरणं आणि जंगलं. थोडक्यात असं की आधी खालच्या सपाटीला भातखाचरं होती आणि वर रान. धरणाने सपाटी बुडवली. ज्यांची खाचरं गेली त्यातले काही वर सरकले आणि चढावर शेती करायला लागले. धरणासाठी रस्ता आला, रस्त्याने ट्रक आला, ट्रकने पुण्याच्या बाजारात कोळसा जायला लागला. झाडं विकली गेली. उघड्या चढावरची माती खाली, धरणातच. आणि या सगळ्यात जिथे जिथे दाट झाडं टिकली ती ठिकाणं म्हणजे देवराया.

आमच्या भाषेत सांगायचं तर एका मॉड्यूलमध्ये बदल केला आणि दहा ठिकाणी बग निघाले. फक्त इथे रोलबॅक नव्हता.

त्याच्याही आधी

इतिहास म्हटल्यावर राजगडाच्या पायथ्याला येऊन महाराजांचं नाव न घेता कसं चालेल! व्हॉट्सॅपवर एक 'शिवाजी महाराजांचं झाडांबद्दलचं पत्र' फिरतं, तुम्हीही पाहिलं असेल. ते पत्र म्हणजे खरं तर 'आज्ञापत्रा'तला भाग आहे. लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य, काळ १७१५ च्या आसपासचा, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी. अर्थात पंतांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता, त्यामुळे धोरण तिथलंच म्हणता येईल.

त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिलं आहे. सागवान वगैरे लागेल ते परवानगी घेऊन तोडावं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं असतं, पण त्याला हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जुनं झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच घ्यावं. जबरदस्ती करू नये. शिवाय गडाच्या भोवतीची झाडी राखावी असंही आहे. ते काही निसर्गप्रेम म्हणून नाही, गडाचं संरक्षण म्हणून. पण कारण काहीही असो, झाडी राहिली.

राजगडाचा डोंगर म्हणजे जुना मुरुंबदेव. रायगडाच्या आधी पंचवीसेक वर्षं राजधानी इथे होती. खालचं खोरं ते गुंजण मावळ. पुढे हा भाग भोर संस्थानात गेला. संस्थानाच्या बहुतेक तालुक्यांची नावं किल्ल्यांवरून होती - विचित्रगड, प्रचंडगड (म्हणजे तोरणा), सुधागड आणि राजगड. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला 'राजगड' नाव द्यायला मंजुरी दिली तेव्हा सगळ्यांना ते नवीन वाटलं, पण हे नाव एकदा होऊन गेलेलं आहे. नावं फिरून येतात. झाडं येतात का, बघू.

पुन्हा गुंजवणे

एवढं वाचून झाल्यावर घरात बसवेना. डिसेंबरातल्या एका शनिवारी मामेबहिणीला फोन केला. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही पर्यावरणशास्त्रात. आमच्या घरात ती 'झाडंवाली ताई' म्हणूनच ओळखली जाते. तिने हा विषय घेतला तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला होता, "पुढे काय करणार?" माझ्या इंजिनिअरिंगला हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि खरं तर मला काहीच माहीत नव्हतं पुढे काय करणार ते.

गाडीत तिला खारफुटीचा किस्सा सांगितला. मला वाटलं हसेल. हसली, पण मग म्हणाली, "तू कॉलेजात केलंस. मोठ्या लोकांनी खऱ्या अहवालात केलंय."

मग तिने सांगितलं. मोठा प्रकल्प करायचा तर पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल द्यावा लागतो, १९९४ पासूनचा नियम आहे, २००६ साली तो नव्याने आला. त्या सुमाराला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात उतारेच्या उतारे रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेले निघाले. रत्नागिरीच्या डोंगराला रशियाची माहिती!

"मग तुझ्या खारफुटीचं काय एवढं," ताई म्हणाली. "सवय लागते ती सेकंड इयरलाच लागते."

हे वाक्य मला बोचलं. कारण ते बरोबर होतं. तिसऱ्या वर्षी मी लॅबची जर्नल उतरवली, नोकरीत लागल्यावर एका क्लायंटच्या डॉक्युमेंटमध्ये दुसऱ्याच क्लायंटचं नाव राहून गेलं होतं. तेव्हाही फाइंड-रिप्लेसच. फरक एवढाच की त्या डॉक्युमेंटने कुणाचा ओढा आटला नाही.

साखरच्या पुढे गाडी लावून आम्ही पायी निघालो. मी वही काढली. ताईने अट घातली होती, फोनमधलं ॲप वापरायचं नाही, आधी बघायचं. पहिल्या तासात मला जमलेली यादी - आंबा, जांभूळ, उंबर, करवंद, पळस. पाच. पुढची तिने दाखवली. ऐन, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी. हिरडा. कुंभा. गेळा. काटेसावर. चढाला लागल्यावर कारवी, सात वर्षांनी फुलणारी. ऐनाच्या काही झाडांचे शेंडे छाटलेले होते. ती म्हणाली, "राबासाठी." भाताची दाढ पेरायच्या आधी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून भाजतात, तो राब. याच राबावरून इंग्रजांच्या वनखात्याचं आणि ठाण्याकडच्या शेतकऱ्यांचं एवढं भांडण झालं की सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला होता. मला राब म्हणजे 'राबराब राबणे' एवढंच माहीत होतं :)

वाटेतल्या एका वाडीजवळ दाट झाडांचा पुंजका दिसला. शेजारी एक आजोबा गुरं घेऊन बसले होते. आम्ही तिकडे वळलो तशी त्यांनी हाक मारली.

"वहाणा काढा. देवाची राई हाय ती."

वहाणा काढल्या. आत गारवा होता, पायाखाली पाचोळा इतका की आवाज न करता चालता येईना. बाहेर आल्यावर आजोबांपाशी बसलो. कुठले, काय करता, लग्न झालं का, हे झालं. मग त्यांनी वहीकडे बघून विचारलं, "मोजणीला आलाय जनू?"

म्हटलं, "नाही आजोबा, झाडांची नावं लिहितोय."

"कशापायी?"

याचं उत्तर मला देता येईना. ताईने सांगितलं, अभ्यास आहे म्हणून. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की आजूबाजूच्या जमिनी चालल्यात. पुण्याची माणसं येतात, फार्महाऊससाठी तुकडे घेतात, जेसीबी लावून सपाट करतात. तिकडे गुंजवणी धरण झालं, कानंदीवर, धानेपला. पाणी वेल्ह्याला, भोरला, पुरंदरला. धरणाच्या कामाचं आणि पुनर्वसनाचं किती वर्षं चाललं ते त्यांनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"लई जनं आली लिवायला," ते म्हणाले. "समद्यांनी लिवून नेलं. तुम्ही लिवता त्ये कुनी वाचतं का?"

मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. तिच्या डोक्यात रत्नागिरीचा अहवाल असणार. माझ्या डोक्यात पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. "कधी कधी वाचतात," एवढंच मी म्हणालो. आजोबांना ते पटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात त्यांचा नातू मोटरसायकलवरून आला. कॉलेजात शिकणारा, चुणचुणीत. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर त्याचे डोळे चमकले. "दादा, आम्हाला पण पर्यावरणाचा पेपर आहे. प्रोजेक्ट द्यायचाय पुढच्या महिन्यात." आणि मग, आजोबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, "तुमची जुनी फाईल असंल ना एखादी, तर पाठवा की. फॉरमॅटसाठी."

ताई एवढ्या मोठ्याने हसली की गुरं दचकली.

मी त्याला विचारलं, "या राईतली झाडं ओळखतोस?"

"थोडी. आज्याला समदी माहीत."

"मग?"

तो जरा गोंधळला. "पण त्ये प्रोजेक्टमदी चालतं का? आज्याला नावं मराठीतली माहीत. शास्त्रीय नावं लागत्यात ना."

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि अजून वाटतो. कोर्टाने सांगितलं होतं की गावोगाव, कॉलेजोकॉलेज हा विषय पोचवा. पोचला. आता २०२३ साली यूजीसीने त्याला चार क्रेडिट दिली, हवामानबदलापासून कचऱ्यापर्यंत सगळं त्यात आहे. पण राईच्या सावलीत वाढलेल्या मुलाला वाटतं की आपल्या आज्याला माहीत आहे ते यात 'चालत' नाही. आणि शहरातल्या मुलाला वाटतं की कुणी वाचत नाही. मग उरतो तो फॉरमॅट. वर्तकांनी आणि गाडगीळांनी केलं ते अगदी उलट होतं. अशाच एखाद्या आज्याला विचारून त्यांनी सुरुवात केली असणार, शास्त्रीय नाव नंतर.

मला मॅडमना दोष द्यायचा नाही. अडीचशे फाईली आणि एक माणूस, हे गणित कोणत्याही कॉम्प्युटरवर सुटणार नाही. कोर्टालाही नाही. सक्ती केल्यामुळे मी निदान त्या गावाला गेलो, नाव लिहिलं, फाईल ठेवली. सक्ती नसती तर आज ही फाईल सापडली नसती आणि हा लेखही झाला नसता. पण कायदा माणसाला झाडापर्यंत नेऊ शकतो, बघायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं. ते मी नऊ वर्षं उशिरा केलं.

घरी आल्यावर त्या मुलाला फाईल पाठवली. सगळी नाही. फक्त तिसऱ्या पानाचा फोटो, खारफुटी आणि प्रश्नचिन्हासकट. खाली लिहिलं, 'हे असं करू नकोस. आज्याला घेऊन राईत जा. नावं आज्या सांगेल तशीच लिही, शास्त्रीय नावं ताई शोधून देईल.' त्याने दोन हसरे चेहरे पाठवले आणि गप्प झाला. मला वाटलं गेलं हे.

पंधरा दिवसांनी, रात्री अकराला, व्हॉट्सॅपवर दोन फोटो आले. रेघांच्या वहीची पानं, बॉलपेनने लिहिलेली. एकेचाळीस नावं. समोर त्या त्या झाडाचा उपयोग - औताला, राबाला, गुरांच्या पोटदुखीला, पावसाळ्यात भाजीला. काहींपुढे लिहिलं होतं, 'आता फक्त राईत आहे.'

ताईला पाठवली. तिला त्यातली अकरा नावं लागली नाहीत. ती म्हणते ही इकडची बोलीतली नावं आहेत, प्रत्यक्ष झाड बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून आता पुन्हा जायचं ठरलंय, पावसाळ्याच्या आधी. वही मी नवीन घेतली आहे.

मॅडमचा नंबर शोधतोय. त्यांच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर द्यायचं राहिलंय.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.